बाणशय्येवरची उशी

स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या मंडळींनी लेख मागताना बजावलं होतं, "काहीतरी हलकंफुलकं लिहा." गणपतीचे दिवस, आरत्या, मोदक, मुलांचे नाच, आणि त्यात मी शेवटच्या आजारपणाबद्दल लिहायला बसलो आहे. मंगल प्रसंगी हा विषय अनेकांना खटकेल, याची कल्पना आहे. पण ज्या दैवताला आपण वाजतगाजत घरी आणतो आणि मग स्वतःच्याच हातांनी पाण्यात सोडतो, त्याच्या उत्सवात निरोपाचा विषय अगदीच परका नसावा. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ते तिकडे, आपण इकडे. रात्री अवेळी भारतातला नंबर फोनवर दिसला की पोटात गोळा येतो, हे मी कुणाला वेगळं सांगायला नको.

मला तसा फोन जून २०१६ मध्ये आला. सनदच्या आमच्या घरी रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे सांगलीत दोन. ताई बोलत होती. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. मूत्रपिंडं दोन वर्षांपासून थकलेली, त्यात न्यूमोनिया. डॉक्टर विचारत होते, व्हेंटिलेटर लावायचा का? ताई म्हणाली, "बाबा मला मागे म्हणाले होते, मला नळ्या लावू नका. तू काय म्हणतोस?" मी काय म्हणालो ते शब्दशः आठवतं. "पैशाची काळजी करू नकोस. जे जे करता येईल ते सगळं करायला सांग."

ताई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पैशाचं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचलो तेव्हा बाबांच्या घशात नळी होती आणि दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले होते. ते नळी ओढत होते म्हणून. यात इस्पितळाचा काही दोष नव्हता. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं. पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, आता हे थांबवता येईल का? ते सज्जन होते, पण अडकलेले होते. म्हणाले, "एकदा लावलं की काढणं माझ्या हातात नाही. रीतसर करायचं तर हायकोर्टात जावं लागेल. नाहीतर डामा घ्या." डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, असं लिहून द्यायचं. घरी नेल्यावर श्वास कोंडला तर काय द्यायचं, हे मात्र कुणीच सांगू शकत नव्हतं. मी सही केली नाही. अकराव्या दिवशी बाबा तिथेच गेले. गंगाजळ द्यायला तोंड मोकळं नव्हतं. एका नर्सबाईंनी कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांना लावला. त्या अकरा दिवसांत बाबांना सुख वाटलं असेल अशी तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

हायकोर्टात का जावं लागणार होतं, हे मी पुढे शोधलं. ती वाट मुंबईतल्याच एका खाटेपाशी सुरू होते.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी आपल्या पिढीला ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर अत्याचार केला, मेंदूला इजा झाली आणि त्यानंतरची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: त्यांना बळेच अन्न भरवणं थांबवा, सन्मानाने जाऊ द्या. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवलं. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज फेटाळला गेला, कारण अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांनी त्यांना इतकी वर्षं सांभाळलं त्या केईएमच्या मंडळींचा, असं न्यायालयाने मानलं. आणि त्यांना अरुणाताई हव्या होत्या. पण त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की अत्यंत अपवादात्मक स्थितीत जीवनाधार काढता येईल. मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि तीन डॉक्टरांची समिती यांच्यामार्फत. सांगलीच्या डॉक्टरांनी मला सांगितलेली वाट ती हीच. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

या प्रकरणावर बोलताना लोक "इच्छामरण मिळालं की नाही" एवढंच बोलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला एकही शय्याव्रण होऊ दिला नव्हता. ज्या परिचारिकांनी अरुणाताईंना धडधाकट असताना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनी हे केलं. न्यायालयाने बोलण्याचा अधिकार दिला तो रक्ताच्या नात्याला नाही, लांबून कळवळणाऱ्यालाही नाही. रोज कूस बदलणाऱ्या हातांना दिला. माझ्यासारख्या फोनवरून हुकूम सोडणाऱ्या मुलाला हे वाचून बरं वाटत नाही.

आता थोडं महाभारताकडे वळतो, कारण इच्छामरण म्हटलं की आपल्याला आधी भीष्म आठवतात. उत्तरायणाची वाट पाहत बाणांच्या शय्येवर पडलेले पितामह. पण भीष्मपर्वातला पुढचा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. दुर्योधनाने शरीरातले बाण काढणारे कुशल वैद्य आणले. भीष्मांनी त्यांना मानाने, धन देऊन परत पाठवायला सांगितलं. म्हणजे उपचार नाकारले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मान लोंबकळत होती, म्हणून त्यांनी उशी मागितली. कौरवांनी मऊ उशा आणल्या, त्या नको म्हणाले. अर्जुनाने तीन बाण मारून डोक्याला आधार दिला, तेव्हा समाधान पावले. मग तहान लागली. राजे लोक थंड पाण्याचे घडे आणि मिष्टान्न घेऊन धावले, तेही नको. अर्जुनाने जमिनीत बाण मारून पाणी काढलं, ते ते प्याले.

वैद्य नको, पण उशी हवी, पाणी हवं. आणि कोणती उशी, कोणतं पाणी, हे निजणारा ठरवणार. आजच्या भाषेत ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, भीती, खाज, निद्रानाश यांवर उपचार करत राहायचं, त्याचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. आपण मात्र भीष्मांचा नकार लक्षात ठेवला आणि उशी विसरलो.

देशाच्या धोरणाचंही नेमकं तेच झालं आहे, असं माझं मत आहे. मरू द्यावं की नाही, यावर न्यायालयांत दशकानुदशकं वाद झाले, वर्तमानपत्रांचे मथळे झाले. वेदना कमी कशी करावी, यावर मथळे होत नाहीत. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुनं, स्वस्त औषध. भारत स्वतः कायदेशीर अफू पिकवतो. पण १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि एकेका बाटलीसाठी इतके परवाने लागू लागले की रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कायदा करणाऱ्यांच्या मनात चोरटा व्यापारी होता, कळवळणारा रुग्ण कुणाच्याच मनात नव्हता. ती चूक दुरुस्त करणारी सुधारणा संसदेत मंजूर व्हायला २०१४ उजाडलं. जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य सभेने सर्व देशांनी ही सेवा आपल्या आरोग्यव्यवस्थेत आणावी असा ठराव केला तोही त्याच वर्षी. मधल्या एकोणतीस वर्षांत किती घरांतून रात्री कण्हण्याचे आवाज आले असतील, याचा हिशोब कोण देणार?

काम करणारी माणसं सरकारसाठी थांबली नव्हती, हेही सांगायला हवं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं; अखेरच्या अवस्थेतल्या कर्करुग्णांसाठीचं ते देशातलं पहिलं शुश्रूषागृह. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. टाटा रुग्णालयातही या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पण मोठी मजल मारली ती केरळने. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं वेदना-केंद्र उघडलं. तिथून ते गावोगाव पसरलं. शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक झाले, पंचायती सामील झाल्या आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. आधी काम, मग धोरण. सनदमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर मलप्पुरमचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या आईच्या शेवटच्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा गावातली पोरं आणि एक नर्स घरी येत होती, जखम धुवायची, मॉर्फिनच्या गोळ्या मोजून द्यायची. ते सांगतात, "आई रागावायची ती फक्त त्यांनी चहा न पिता गेलं तर." मी माझ्या बाबांबद्दल त्यांना काहीच सांगितलं नाही.

केरळनंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनीही धोरणं आखली. केंद्राने २०१२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात त्याचा उल्लेख आला. कागद तयार आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी मॉर्फिन मिळतं का, हे मात्र पुढच्या सुट्टीत आपापल्या गावी जाऊन प्रत्येकाने विचारून पाहावं. उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होईल अशी माझी भीती आहे.

नकाराची बाजू दरम्यान सुधारली. ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर निकाल दिला: सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान माणूस शुद्धीत असताना पुढच्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करून ठेवू शकतो. पण त्याच्या अटी इतक्या किचकट होत्या, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं मंडळ, की कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्या सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्यांची नावं इच्छापत्रात लिहायची. वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि मग दुसरं मंडळ शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत मत देतं. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं. इच्छापत्र नसलं तरी जवळच्या नातलगांच्या संमतीने ही वाट खुली आहे. मे २०२४ मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र जाहीरपणे नोंदवलं. मुंबईतले डॉ. निखिल दातार यांनी तर आपलं इच्छापत्र सांभाळायला सरकारी अधिकारीच नेमलेला नाही म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. म्हणजे कायदा होतो, पण तो कपाटातून बाहेर काढायला कुणीतरी खटपट्या माणूस लागतोच!

इथे कुणी विचारेल, हे सारं आपल्या धर्मात बसतं का? आळंदीच्या संजीवन समाधीपुढे आपण हात जोडतो. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी तेच केलं. अनेकांनी विनवण्या केल्या, त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मात्र हे दाखले मी फार ताणणार नाही. ती स्वतःच्या तोंडाने बोलणारी, मनाने तयार झालेली माणसं होती. घशात नळी असलेला म्हातारा माणूस बोलू शकत नाही आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते देवच जाणे. सातबाऱ्यावर डोळा असलेला मुलगा "बाबांना त्रास नको" म्हणू शकतो. इस्पितळाचं बिल न झेपणारा मुलगा तेच म्हणू शकतो, आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून दोन-दोन मंडळांची अट मला जाचक वाटत नाही. शिवाय वेदना शमवण्याची सोय जिथे नाही, तिथे "नको" म्हणण्याचा हक्क अर्धवटच आहे. वेदनेने पिळवटलेला माणूस "सोडवा मला" म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय मागतो आहे, हे वेदना थांबवल्याशिवाय कळणार कसं?

आमचे इथले मुसलमान शेजारीही या प्रश्नातून सुटलेले नाहीत. शेजारच्या सौदी अरेबियात १९८८ सालीच धर्मपंडितांनी फतवा दिला होता की तीन जाणत्या डॉक्टरांचं एकमत असेल तर निरर्थक ठरलेलं पुनरुज्जीवन करू नये. आयुष्य देवाच्या हाती असं मानणाऱ्यांनाही, यंत्र कुणाच्या हाती, हे ठरवावं लागलंच. (आपल्यापैकी ज्यांचे आईवडील इथेच येऊन राहिले आहेत त्यांनी लक्षात ठेवावं: भारतात केलेलं इच्छापत्र इथल्या डॉक्टरांवर बंधनकारक असेल असं धरून चालू नये. इथल्या डॉक्टरांशी वेळेत बोलून घ्यावं.)

कॅनडातल्या काही डॉक्टरांनी १९९१ मध्ये एका लेखात माझ्यासारख्यांना नाव दिलं आहे: ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’. आजाऱ्याजवळच्या घरच्यांनी आणि डॉक्टरांनी शांतपणे काहीतरी ठरवलेलं असतं, तेवढ्यात लांबून मुलगी विमानाने येते आणि सगळं सगळं करा म्हणून हटून बसते. कॅलिफोर्नियात म्हणे तिलाच दुसऱ्या एखाद्या शहराची मुलगी म्हणतात. हसू आलं, आणि मग आलं नाही. ‘बहारीनचा मुलगा’ म्हणायलाही हरकत नाही. वर्षानुवर्षं आपण तिथे नसतो, औषधाच्या वेळा ताई सांभाळते, रात्री उठते ताई, आणि शेवटच्या आठवड्यात सगळी भरपाई करायची घाई आपल्याला होते. यंत्र लावणं ही त्यातली सर्वांत सोपी भरपाई. बाबांना जगवायचं होतं की मला स्वतःला माफ करून घ्यायचं होतं? २०१६ मध्ये आजचे नियम असते तरी मी संमती दिली असती की नाही, मला खात्री नाही. त्या मंडळापुढे मी बहुधा पुन्हा तेच वाक्य म्हटलं असतं.

गेल्या जानेवारीत सांगलीला गेलो तेव्हा धीर करून आईला विचारलं. ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. वाटलं होतं, रडेल, किंवा "शुभ बोल नाऱ्या" म्हणून झटकेल. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळीच बोलणार होते मी. पण तू इतक्या लांबून आला होतास, तुझा चेहरा बघून गप्प बसले."

मग तिने सांगितलं आणि ताईने लिहून घेतलं. घशात नळी नको. छाती दाबायची नाही. दुखायला नको, त्यासाठी झोप आली तरी चालेल. खाट खिडकीशी. कानातलं यंत्र शेवटपर्यंत काढायचं नाही, कारण "कोण आलंय ते कळायला नको का?" नोटरीने आधी विचारलं, मालमत्ता कुठे कुठे आहे, हे त्या प्रकारचं मृत्युपत्र नाही हे समजावण्यात अर्धा तास गेला. साक्षीला शेजारचे काका आणि ताईच्या शाळेतल्या बाई आल्या. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्या रकान्यात आईने पहिलं नाव ताईचं लिहायला सांगितलं. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "तुझं दुसरं. तू येईपर्यंत वेळ जातो रे."

एक प्रत तिच्या डॉक्टरांकडे आहे, एक नगरपालिकेत दिली. ताईकडची प्रत विजेच्या बिलांच्या फाइलीत आहे. माझी इथे सनदला, पासपोर्टच्या खणात.